सोवळं आणि तळाची माती

फिश टँकमध्ये खरी झाडं वाढवायची असतील तर तळाला काय घालायचं, असं शिरूरमधली मुलं मला अजूनही विचारतात. जीवशास्त्र शिकवण्याचं माझं काम निवृत्तीबरोबर संपलं, पण शाळेच्या प्रयोगशाळेतला हिरवा टँक त्यांनी पाहिलेला आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं: खाली इंचभर माती आणि तिच्यावर इंचभर धुतलेली वाळू. मुलं खूश होतात, आईवडील मात्र दचकतात. ‘बाई, मातीनं पाणी घाण नाही का होणार?’

या शंकेचं शास्त्रीय उत्तर सोपं आहे. पण ती टँकपुरती नाही. जे सकस आहे ते आपल्याला घाण का वाटतं आणि ज्यात काहीच रुजत नाही ते पवित्र का वाटतं, या प्रश्नानं मला लहानपणापासून धरून ठेवलं आहे. माझं माहेर दौंड तालुक्यात भीमेकाठी आणि सासर शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी. दोन्हीकडे माती काळी, दोन्हीकडे ऊस, आणि दोन्हीकडे सोवळ्याचे नियम कडक.

आधी मातीचं सांगते. दुकानात निळे-पांढरे रंगीत खडे मिळतात. ते दिसायला स्वच्छ असतात, वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यांत झाड लावलं तर मुळांना धरायला जागा मिळते, खायला काही मिळत नाही. अनुबियास किंवा जावा फर्न यांना त्याचं काही वाटत नाही, कारण ती लाकडाला वा दगडाला धरून राहतात आणि अन्न पाण्यातून घेतात. पण अॅमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरिन, आपल्याकडच्या संथ पाण्यात वाढणारी व्हॅलिस्नेरिया ही झाडं बरंचसं अन्न मुळांनी ओढतात. खड्यांत ती पिवळी पडतात आणि हळूहळू विरघळून जातात.

मातीतल्या चिकणकणांवर ऋण विद्युतभार असतो. पोटॅश, कॅल्शियम, अमोनियम यांचे धनभारित कण त्याला चिकटून राहतात आणि मुळं मागतील तसे सुटतात. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत ही धरून ठेवण्याची ताकद फार मोठी आहे. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी पाण्याखालच्या बागांची कला जगभर पोचवली. त्यांच्या कंपनीची दाणेदार, भाजलेली माती आज मोठ्या शहरांत मिळते. ती उत्तम आहे, महाग आहे, आणि पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते, म्हणून मासे सोडण्याआधी पाणी वरचेवर बदलावं लागतं. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टाड यांनी १९९९ साली पुस्तक लिहून साध्या बागेतल्या मातीचा मार्ग दाखवला. मी जी इंचभर मातीची आणि इंचभर थराची रीत सांगते ती त्यांचीच.

माती कुठली घ्यायची? उसाच्या वावरातली नको, तिच्यात युरिया आणि औषधं मुरलेली असतात. ज्या बांधावर वर्षानुवर्षं काही पेरलेलं नाही तिथली घ्यावी, किंवा नदीकाठचा जुना पोयटा घ्यावा. चिमूटभर मातीवर लिंबू पिळून बघावं. खूप फसफसली तर चुनखडी जास्त आहे. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, ते आणखी जड होईल. माती चाळून काड्या, मुळ्या आणि चुनखडे काढावेत, पाण्यात भिजवून वाळवावी, पुन्हा भिजवावी. ताजं शेणखत मुळीच घालू नये. वरच्या थरासाठी वाळू नदीतून आणू नये. घोड आणि भीमा यांची पात्रं वाळूउपशानं आधीच खरवडून निघाली आहेत. कुणाच्या बांधकामातून उरलेली पाटीभर वाळू धुऊन घेतली तरी पुरते.

या मातीची एक गोष्ट मला शास्त्राची शिक्षिका म्हणूनही धर्मविचारासारखी वाटत आली आहे. आमच्या भागात उसाच्या खोडव्यात केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होतात. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. हीच माती टँकच्या तळाशी पाण्याखाली गेली की तिच्यातला प्राणवायू संपतो, प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि अडकून पडलेलं लोह विरघळणाऱ्या रूपात मोकळं होतं. वरच्या वाळूपर्यंत आलं की तिथल्या प्राणवायूनं ते पुन्हा बांधलं जातं. झाडाला लोह मिळतं ते खाली, अंधारात, जिथे हवा पोचत नाही आणि ज्याला आपण कुजकं म्हणतो त्या थरात.

आता सोवळ्याकडे येते. नवरात्रात आमच्याकडे घट बसतो. त्यासाठी शेतातून वावरी आणायची, म्हणजे काळी माती. ती हातानं मोकळी करायची, पत्रावळीवर पसरायची, सात धान्यं पेरायची, मधोमध मातीचा घट ठेवून त्यात पाणी भरायचं. घट झिरपतो आणि माती ओली राहते. रोज एक माळ चढते, दसऱ्यापर्यंत हिरवे-पिवळे कोंब वीतभर वर येतात आणि ते टोपीत खोवले जातात. देवीची ही पूजा मुळात मातीची पूजा आहे. जिच्यात किडे वावरले, बैलांनी शेण टाकलं, पालापाचोळा कुजला, तीच माती देव्हाऱ्यात येते आणि कुणाला विटाळ होत नाही.

पण मुलगी वयात आली आणि नेमकी त्या दिवसांत बाजूला बसायची वेळ आली, तर तिनं त्या मातीला हात लावायचा नाही. मला हे सांगितलं गेलं तेव्हा मी शाळेत शिकत होते. मी आईला विचारलं होतं की शेणाची माती चालते, मग मी का चालत नाही? आईकडे उत्तर नव्हतं. तिलाही कुणी दिलेलं नव्हतं. ज्या रक्तामुळे नवा जीव रुजतो त्याला अपवित्र ठरवायचं आणि ज्या कुजण्यातून धान्य रुजतं त्याला आई म्हणायचं, हे दोन्ही एकाच घरात, एकाच देवीसमोर कसं चालतं?

उत्तर मला फार पुढे मिळालं, आणि ते आमच्याच वाटेवरून दरवर्षी जाणारं होतं. तुकोबांची पालखी आमच्या दौंड तालुक्यातून जाते, यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. त्या वाटेवर जे अभंग म्हटले जातात त्या परंपरेत चौदाव्या शतकातल्या सोयराबाई आहेत, चोखोबांची पत्नी. त्यांनी एका अभंगात सरळ विचारलं आहे की विटाळावाचून जन्मलेला देह कुठे आहे. विटाळ देहाच्या मुळाशीच आहे, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण? एका महार बाईनं हा प्रश्न विठ्ठलाला विचारला, आणि त्यात बाईपण आणि जात ही दोन्ही ओझी एकदम होती. घटाच्या मातीला हात लावू न दिलेल्या मुलीला सातशे वर्षांपूर्वीच कुणीतरी उत्तर देऊन ठेवलं होतं.

सोयराबाईंच्याही फार आधीची एक साक्ष जवळच आहे. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी त्या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. मी मुलांना तिथे नेत असे. त्या लोकांनी मेलेली लहान मुलं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यांत ठेवली आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरली. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी सापडली. तिच्यात कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती होती, आणि सोबत बिनशिराची आणखी एक मूर्ती व बैल. त्यांच्या मनात काय होतं हे आपण ठामपणे म्हणू शकत नाही. पण ज्या जमिनीवर चूल पेटत होती तिच्याच खाली त्यांचे मृत आणि त्यांची देवी होती. ज्याला पुढच्या काळानं सर्वांत मोठा विटाळ मानलं त्याला त्यांनी घराबाहेर काढलं नाही, घराचा पाया त्याच्यावर ठेवला.

इथे मला एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. मग सोवळ्याचे सगळे नियम फेकून द्यायचे का? टँक याचं उत्तर नाही असं देतो. नुसती माती पाण्यात घातली, वर काहीच घातलं नाही, तर पाणी गढूळ होतं, अन्न थेट पाण्यात उतरतं, झाडांआधी शेवाळ माजतं आणि अमोनियानं मासे मरतात. वाळूचा थर लागतोच. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली मांडलं की घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू. मला ते पटतं. अन्न मुळाशी असेल तर झाड होतं, पाण्यात असेल तर शेवाळ. पदार्थ तोच, जागा वेगळी. धर्माचे नियम जोवर प्रत्येक गोष्टीला तिची जागा देतात तोवर ते जीवन सांभाळतात. हात धुऊन स्वयंपाकाला लागणं, विहिरीपासून उकिरडा लांब ठेवणं हे असलेच नियम आहेत, आणि मी ते मनापासून पाळते.

पण वाळूचा थर फार जाड केला, किंवा अगदी पिठासारखी बारीक वाळू घातली, तर खालची माती पूर्ण कोंडली जाते. मग तिच्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि मुळं काळी पडतात. माती तीच आणि तिचं सत्त्वही तेच, पण वरच्या थरानं तिचा पाण्याशी संबंध तोडला की तिचं विष होतं. म्हणून चांगल्या वाळूची माझी कसोटी एकच आहे: तिच्यातून मुळं खाली गेली पाहिजेत. सोवळ्याच्या प्रत्येक नियमाला मी हीच कसोटी लावते. जो नियम जागा देतो आणि मुळांना वाट ठेवतो तो धर्म. जो नियम खालच्याला कायमचं कोंडतो आणि वरच्याला त्याच्यापासून तोडतो, तो खालच्याचंही वाटोळं करतो आणि वरच्याचंही. बाईला आणि जातीला लावलेलं सोवळं या दुसऱ्या प्रकारचं आहे. शेकडो वर्षं ज्यांनी मेलेली जनावरं ओढली, गाव झाडलं, बाळंतपणं केली, त्यांच्या श्रमावर गाव उभं राहिलं आणि गावानं त्यांनाच वेशीबाहेर ठेवलं.

यापेक्षाही एक सूक्ष्म फसवणूक आहे, आणि ती आमच्या नदीत दिसते. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून वाहत येतं आणि शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडस इथे भीमेला मिळतं. तिथून ते दौंडला येतं, पुढे उजनीच्या पाण्यात जातं. त्यात जे नत्र आणि स्फुरद असतं ते खरं तर शेताचं अन्न आहे. मातीत गेलं असतं तर पीक झालं असतं, पाण्यात गेलं म्हणून जलपर्णी झाली. आमच्याकडे नदीचं पात्र कधीकधी हिरव्या गालिच्यानं पूर्ण झाकलं जातं आणि त्याखालचं पाणी काळं असतं. शहरातली न्हाणीघरं चकचकीत आहेत आणि तिथल्या देव्हाऱ्यांत सोवळं पाळलं जातं. आणि हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते, जिथे वारकरी बुडी मारून स्वतःला पावन मानतात.

आपली घाण दुसऱ्याच्या दारात पाठवून मिळवलेली स्वच्छता ही शुद्धता नव्हे, असं मी आता ठामपणे म्हणते. जुन्या सोवळ्यातही हेच होतं, फक्त तेव्हा घाण वाहून नेणारी माणसं होती, आज नदी आहे. शुद्ध माणूस तो, ज्याला आपल्या घरातून निघालेल्या प्रत्येक गोष्टीची पुढची जागा ठाऊक असते आणि ती जागा त्यानं स्वतः सिद्ध केलेली असते. टँकमध्ये हे टाळताच येत नाही. काचेच्या चार भिंतींत माशाची विष्ठा कुठे बाहेर जात नाही, ती तळात मुरते, जिवाणू तिचं रूप बदलतात आणि झाड ती खातं. पाणी नितळ राहतं ते त्यामुळे.

आमच्या घरात आता घट बसवताना कुणाला दिवस विचारले जात नाहीत. सून वावरी चाळते, नात धान्य पेरते. सासूबाई हयात असताना मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘देवीला चालत असेल तर मला चालेल.’ देवीला चालतंच, कारण तिचं नवरात्रातलं आसनच कुजून सकस झालेल्या मातीचं आहे. मुलांना मी टँक लावायला सांगते तेव्हा इतकंच शिकवू बघते: माती निवडताना तिच्यात काय मुरलंय ते तपासा, तिला जागा द्या, तिच्यावर थर घाला, आणि त्या थरातून मुळांना खाली जाता येईल याची खात्री करा. पुढे मोठेपणी घरात, देवळात, नगरपालिकेत नियम करायची वेळ त्यांच्यावर येईल, तेव्हाही त्यांनी याच चार गोष्टी तपासाव्यात असं मला वाटतं.