सात आहे, बारा नाही

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे भातखाचरांच्या जोडीला फार्महाऊसच्या पाट्या आता सरसकट दिसू लागल्या आहेत, त्या पोशीरसारख्या गावात बसून एका अमेरिकन व्यंगमालिकेतील कपोलकल्पित कंपनीचा विचार करावा, हे प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल; परंतु त्या कंपनीचे मर्म जितके आपल्या सातबाऱ्यावरून कळते तितके अर्थशास्त्राच्या ग्रंथांवरून कळेलच असे नाही.

'द सिम्प्सन्स'च्या फेब्रुवारी १९९८ मधील एका भागात, शेजारी नेड फ्लँडर्सने घरबसल्या इंटरनेटचा धंदा थाटल्याचे पाहून होमर सिम्प्सन ईर्षेला पेटतो आणि 'कॉम्प्यु-ग्लोबल-हायपर-मेगा-नेट' अशा दणदणीत नावाची कंपनी काढतो. ही कंपनी करते काय, हे खुद्द मालकाला ठाऊक नाही. गिऱ्हाईक येऊन काही विचारू लागते, तेव्हा त्याचे बोलणेच होमरला उमगत नाही. आणि तरीही साक्षात बिल गेट्स ती खरेदी करण्याच्या मिषाने येऊन, बरोबरच्या माणसांकरवी सारे सामानसुमान फोडून टाकतो.

आता आमच्या महसुली दप्तराची दृष्टी पाहा. गाव नमुना सातवर जमीन कोणाच्या नावे आहे ते लिहायचे आणि त्याच कागदावर, खाली, नमुना बारात तिच्यात प्रत्यक्ष काय पिकले ते. या खालच्या रकान्याला एके काळी विलक्षण धार होती: १९४८ च्या कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली, तेव्हा वहिवाट शाबीत करण्यासाठी पीकपाहणीतील नोंद हा मोठाच आधार ठरला. होमरच्या उद्योगाला सात होता. बाराच्या जागी तलाठ्याने 'पड' एवढेच लिहिले असते.

हा विनोद पुढे दोन वर्षांत आमच्याच दलाल स्ट्रीटवर खरा झाला, कारण नावामागे 'इन्फोटेक' वा 'सॉफ्टवेअर' जोडले की समभागाला भाव चढे. म्हणून आज 'सेबी'च्या २०१५ च्या नियमावलीतील ४५ वा नियम म्हणतो की, नव्या उद्योगाचे नाव धारण करू पाहणाऱ्या कंपनीच्या मागील वर्षीच्या उत्पन्नापैकी, अथवा तिच्या मालमत्तेपैकी, निदान ५० टक्के त्या उद्योगातले असावे. भांडवलबाजाराने उशिरा का होईना, पीकपाहणी सुरू केली, असे मी याला म्हणतो.

पण बाराही खोटा लिहिता येतो, हे कबूल केले पाहिजे. चावडीत बसून पीकपाहणी भरल्याच्या तक्रारी जुन्याच. म्हणून २०२१ पासून खातेदाराने गटात उभे राहून, उभ्या पिकाचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन, स्वतःच नोंद करायची ई-पीक पाहणी आली. कंपन्यांच्या बाबतीत तर याहून निराळी लबाडीही घडली: हैदराबादच्या 'सत्यम' या संगणकसेवा कंपनीत पीक खरे होते, हजारो माणसे खरोखर संगणकाची कामे करीत होती. खोटी होती ती आणेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा आकडा. ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नव्हती, आणि ७ जानेवारी २००९ रोजी ही गोष्ट जगाला कळली ती कोणा हिशेबतपासनिसाच्या शेऱ्यावरून नव्हे, तर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या, म्हणजे खुद्द खातेदाराच्याच, पत्रावरून.