बसऱ्याचे स्मारक व माणसाचे नाव

पिंपळगाव राजा येथील मंडळीतील एक तरुण तेलाच्या कारखान्यातील नोकरीनिमित्त इराक देशात बसरा शहरी असतो. तो नुकताच सुटीवर घरी आला, तेव्हा रविवारची उपासना आटोपल्यावर लहानथोर त्याच्याभोवती जमले व परमुलखात काय काय पाहिलेस, असे त्यास विचारू लागले. आम्हीही त्या दिवशी तेथे होतो. त्याने सांगितले की, एका सुटीच्या दिवशी सोबत्यांबरोबर मोटारीने तो नासिरियाच्या रस्त्यावरील पहिल्या महायुद्धाचे मोठे स्मारक पाहून आला. मग त्याने आपल्या फोनवरील चित्र दाखविले. ओसाड रानात पांढऱ्या दगडी खांबांची ८० मीटर लांब ओसरी, मधोमध उंच स्तंभ, आणि पुढे हा आमचा तरुण हसत उभा.

चित्र हातोहात फिरत असता मंडळीतील एक वृद्ध बाई म्हणाली, "माह्या सासूचा बाप बसऱ्याच्या लामावर गेला, तो परतलाच नाही. आमचा माणूस त्या दगडावर हाये काय रे, बापू?"

तरुणाचे हसू मावळले. तो म्हणाला, "आजी, तेथे साहेबांची नावे आहेत. आपल्याकडचे सुभेदार-जमादार, त्यांचीही आहेत. साध्या शिपायांचा खाली आकडाच आहे. तुमचा माणूस असलाच तर त्या आकड्यात असेल."

वाचकहो, हे उत्तर ऐकून आम्हांस फार अस्वस्थ वाटले, व घरी येऊन आम्ही त्या स्मारकाविषयी मिळेल तेवढे वाचून काढले. तरुणाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. सन १९१४ पासून ऑगस्ट १९२१ पर्यंत त्या मुलखात जे मेले व ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत, अशा ४०,५०० हून अधिक लोकांचे ते स्मारक आहे. २७ मार्च १९२९ रोजी ते शत्त-अल-अरब नदीच्या धक्क्यावर उघडण्यात आले आणि १९९७ साली तेथून उचलून रानात नेऊन पुन्हा उभे करण्यात आले. मृतांपैकी तीस हजारांहून अधिक आपल्या देशाचे साधे शिपाई व सैन्याचे चाकर होते. त्यांत मराठा पलटणींचे लोकही पुष्कळ. १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफोन येथे प्राचीन इराणी राजांच्या अजस्र कमानीजवळ लढल्या, मग कूट शहरात ७ डिसेंबर १९१५ पासून पुढील २९ एप्रिलपर्यंत वेढ्यात उपाशी राहिल्या, आणि उरले ते कैदेत गेले. त्या इराणी राजांची कमान अद्याप उभी आहे. बसऱ्याच्या स्मारकास लावलेला पांढरा दगड हिंदुस्थानातून गेलेला आहे. दगड नेण्यास आगबोटीत जागा झाली. नावे कोरण्यास मात्र भिंतीवर जागा झाली नाही.

कोणी म्हणेल, एवढी नावे कोठवर कोरणार? परंतु फ्रान्सात नव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी लोकांची नावे आहेत, व त्यांत साधे शिपाई व मजूरही आहेत. बेल्जममध्ये ईप्र येथील दरवाजावर तर ५४,००० हून अधिक नावे कोरली. सैन्य तेच, सरकार तेच, आणि स्मारके बांधणारे मंडळही तेच. १९१७ साली स्थापन झालेल्या ह्या मंडळाने मरणात दर्जा, वर्ण व धर्म यांचा भेद करावयाचा नाही असा नियम स्वतःच केला होता. युरोपातील प्रवाशांच्या डोळ्यांपुढे तो पाळला गेला. बसऱ्याच्या धक्क्यावर पाळला गेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्याच मंडळाच्या चौकशीत हे उघड मान्य करण्यात आले की, ह्यामागे वर्णद्वेष होता, व त्याबद्दल क्षमा मागण्यात आली. शिपायांची नावे आज मंडळाच्या यादीत शोधता येतात, हेही येथे सांगितले पाहिजे.

आमच्या एका उपदेशक मित्राने वेगळाच आक्षेप घेतला. ते म्हणाले, देवाला प्रत्येकाचे नाव ठाऊक आहे. मग दगडावर ते असले काय आणि नसले काय? ह्या बोलण्यात श्रद्धा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण देव जाणतो, एवढ्यावरून आपण विसरण्यास मोकळे होतो काय? उपाश्यास देव ओळखतो, म्हणून आपण त्यास भाकर देण्याचे टाळीत नाही. शास्त्रात दोन शिरगणत्या आहेत. मोशेला जी करावयास सांगितली ती घराण्याघराण्याने, नावनिशीवार होती. दावीद राजाने यवाबाकडून जी करविली, तिचा आकडाच तेवढा राजापुढे आला. आणि तो हाती येताच राजाचे मन त्यास खाऊ लागले. उत्तम मेंढपाळ मेंढरांस नावाने हाक मारतो, हे तर आमच्या शाळेतील पोरांसही पाठ आहे.

कोरेगाव भीमा येथील स्तंभ पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांत 'नाक' हे पद शेवटी असलेली महार शिपायांची २२ नावे मोजता येतात. ज्यांस गावात कोणी धड नावाने हाक मारीत नसे, त्यांची ती नावे आहेत. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, आणि आजही लाखो लोक जातात. आकडा पाहावयास एवढे लोक गेले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. एके वर्षी वार्षिक अहवाल लिहिताना एका उपदेशकाने बाप्तिस्मा घेतलेल्यांची नावे आम्हांस एकेक करून सांगितली होती. जागा वाचावी म्हणून आम्ही त्यांतील एकही नाव न लिहिता 'बाप्तिस्मे २३' एवढेच लिहिले, व अहवाल चांगला झाला म्हणून आमची वाहवाही झाली. ती २३ नावे कोणती, हे आज आम्हांस आठवत नाही. बसऱ्याच्या कारागिरास दोष देताना आमचा हात थांबतो तो येथे.

त्या वृद्ध बाईची हकीकत पुढे अशी. तरुणाने मंडळाच्या यादीत शोध केला. त्या नावाचे अनेक निघाले, परंतु पलटण कोणती हे घरात कोणास ठाऊक नसल्याने त्यांतील आपला कोणता हे ठरेना. शेवटी बाईने एका चिठ्ठीवर त्याचे नाव, बापाचे नाव व गावाचे नाव आमच्याकडून लिहवून घेतले व ती तरुणाच्या हाती दिली. त्या भिंतीवर आपल्यास काही लिहिता येत नाही, असे त्याने तिला समजावून सांगितले.

"लिहू नको," ती म्हणाली. "तिथं उभा राहून मोठ्यानं वाचजो, बापू."

त्याने चिठ्ठी घडी करून पारपत्रात ठेवली.