ड्राय रन

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी मशिनवर सेटरचं काम करणारा एक बाप होता. नवा प्रोग्राम आला की तो लगेच जॉब लावत नसे. आधी टूल नुसतं हवेत फिरवून बघायचा. कुठे अडतंय, कुठे आदळेल, ते तेव्हाच कळतं. कारखान्यात याला ड्राय रन म्हणतात.

त्याचा आठ वर्षांचा मुलगा स्वमग्न होता. बोलणं मोजकं, पण फिरणाऱ्या चाकाचं भारी वेड. मागच्या नवरात्रात कालिकेच्या यात्रेत धुळ्याच्या थोरल्या काकांनी त्याला उचलून पाळण्यात बसवलं. "एकदा बसला की भीती मोडते," म्हणाले. भोंगे, दिवे, हेलकावे सगळं एकदम अंगावर आलं. पोरगा किंचाळत स्वतःचाच हात चावू लागला, आणि बघणारे आईला म्हणाले, "वळण लावा पोराला." ज्याच्या कानाला मिक्सरही सोसत नाही, त्याला तो गोंगाट म्हणजे मारच होता. हट्ट नव्हता तो.

उन्हाळ्यात सगळ्यांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकात जायचं ठरवलं. "याला आजीपाशी ठेवा," काकांनी सुचवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, करमणुकीची तरतूदही त्यात आहे. तरी असं मूल घरी ठेवण्याचा सल्ला पहिल्यांदा घरातूनच येतो, याचं फार वाईट वाटतं.

बाप म्हणाला, "तो येणार. आधी ड्राय रन करू."

प्रेस शॉपमधले कामगार लावतात तसे इअरमफ त्यानं आणले. पोरानं ते आधी टीव्हीसमोर लावले, मग मिक्सर चालू असताना. आईनं फोटोंची पट्टी केली: गाडी, गेट, रांग, रोलर कोस्टर, जेवण, घर. एकेक झालं की तो फोटो काढून खिशात टाकायचा. मग गर्दी नसलेल्या एका सकाळी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात तालीम. पोरगा गेटवरूनच मागे वळला. बापही काही न बोलता वळला. पुढच्या खेपेला पोरगा आपणहून आत गेला, बागेत बसून डबा खाऊन आला.

सुटीत पहाटेच कसारा घाट उतरून मंडळी निघाली. पार्कात रोलर कोस्टरचे डबे डोक्यावरून गडगडत गेले, तसा पोरगा कठड्याशी थांबला. इअरमफ दाबून धरले. डबे वर चढले की तो श्वास रोखायचा, खाली आले की टाळी वाजवायचा. पुन्हा, पुन्हा. बाकीची पोरं चार राइड करून आली, हा तिथंच.

काका चुळबुळले. "एवढं महागाचं तिकीट काढलं, आणि हा नुसता बघतच बसणार?"

"दादा, त्याला मजा यावी म्हणूनच आणलंय ना? मग जरा त्याच्या तोंडाकडे बघा."

काकांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तेही कठड्याला टेकले.

थोड्या वेळानं पोरानं पट्टीवरचा रोलर कोस्टरचा फोटो सोडवला, काकांच्या खिशात टाकला आणि जेवणाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"झाली त्याची राइड," आई म्हणाली.

जेवताना काकांनी ती पट्टी मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली. "दिवाळीला धुळ्याला येता ना? दाराचा, ओट्याचा, झोपायच्या खोलीचा फोटो पाठवतो. आणि फटाक्यांचं आमच्या गल्लीत आधीच सांगून ठेवतो."