दुरुस्तीची किंमत

एखादी जुनी वस्तू आपण स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतो, तिच्यापायी वर्षे घालवतो आणि एक दिवस ती विकायला काढतो. तेव्हा आपण नेमके काय विकत असतो? लाकूड, दगड, लोखंड यांचा भाव बाजार ठरवतो. त्यात घातलेल्या मायेचा भाव कोण ठरवणार? आणि दुरुस्ती करताना त्या वस्तूची जी दुखणी फक्त आपल्यालाच कळली, ती गिऱ्हाइकाला सांगायची की नाही? जुनी मोटार असो, शिलाई मशीन असो की कोकणच्या खाडीतली जुनी होडी असो, प्रश्न एकच आहे. आमच्यापुढे तो घराच्या रूपाने आला.

हे घर किल्लारी परिसरातल्या एका गावात होते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हलली. सुमारे 6.2 क्षमतेचा तो भूकंप जगातल्या फार मोठ्या भूकंपांत मोडत नाही. तरी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. कारण आमच्या घरांतच होते.

मराठवाड्यातले माळवदाचे घर उन्हाळ्यात थंड असते. पण त्याची भिंत म्हणजे खरे तर दोन भिंती असतात. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत खडी-माती. दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड बहुतेक घरांत घातलेला नव्हता. वर लाकडी तुळयांवर दरवर्षी टाकलेल्या मातीचा हात-दीड हात जाड थर. जमीन हलली तेव्हा दोन्ही थर एकमेकांना सोडून फाकले आणि झोपलेल्या माणसांवर आले. कित्येक ठिकाणी सागवानी खण तसेच उभे राहिले आणि भिंती तेवढ्या गेल्या. पिढ्यान् पिढ्या ज्या भिंतीच्या भरवशावर लोक झोपले, तिच्या पोटातली पोकळी त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. सांगायची कोणाला माहीतही नव्हती.

पुढे 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. त्यात किल्लारीही होती. आमचे गाव त्या यादीत नव्हते. आमच्या घराला भेगा पडल्या, एक कोपरा ढासळला. घर उभे राहिले. अशा घरांच्या दुरुस्तीसाठी आणि मजबुतीसाठी सरकारी मदत मिळाली. तिच्यातून बऱ्याच जणांनी जुन्या घराला लागून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. दगडाची भीती इतकी बसली होती की त्यांना दोष देता येत नाही. अब्बांनी मात्र जुने घरच सावरायचे ठरवले.

अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मजबुतीची रीत त्यांनी इंजिनिअरांकडून समजून घेतली आणि एका गवंड्याला हाताशी धरून सुट्टीच्या दिवशी कामाला लागले. आधी माळवदावरची माती उतरवून बोजा कमी केला. मग भिंतीत हलक्या हाताने एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. दाराच्या वर जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा ओढायचा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे आधार द्यायचे. कामाला तीन वर्षे लागली. आमचे दोन खांब वाळवीने खाल्ले होते. त्यांच्या जागी अब्बांनी किल्लारीच्या एका पडलेल्या घराचे दोन सागवानी खांब विकत आणून बसवले. कोणत्या भिंतीत कुठे किती आरपार बंध घातले, हे ते शाळेच्या वहीत आकृती काढून लिहून ठेवत. त्या वहीच्या शेवटच्या पानावर चार शब्द आहेत : मागची भिंत बाकी आहे.

पैसे संपले होते. मागच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला आणि काम तिथेच थांबले. ती भिंत इतर तिन्ही भिंतींसारखीच दिसे.

अब्बा गेल्यावर काही वर्षांनी आम्ही भावंडांनी घर विकायचे ठरवले. अम्मी आमच्याकडे राहायला आल्या होत्या, त्यांच्या उपचारांसाठी पैसा हवा होता. गावातलाच एक तरुण घ्यायला तयार झाला. अब्बांना तो चाचा म्हणायचा, लहानपणी त्यांच्याच वर्गात होता. घर त्याने फिरून पाहिले, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘‘चाचांनी पोलादासारखं केलंय. आता माळवद काढून वर स्लॅब टाकतो, म्हणजे वरती दोन खोल्या निघतील.’’ त्याने सांगितलेली किंमत आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त होती.

त्या रात्री वही उघडली गेली.

आमच्यात जे बोलणे झाले ते लपवण्यात अर्थ नाही. एकाचे म्हणणे, घर इतकी वर्षे उभे आहे, मग भिंतीत ऐब आहे हे कशावरून? दुसऱ्याचे म्हणणे, त्याने डोळ्यांनी पाहून घेतले आहे, स्लॅब टाकण्याआधी तो इंजिनिअर आणेलच. तिसऱ्याने जे म्हटले ते सगळ्यांच्या मनातले होते. अब्बांनी तीन वर्षे रक्ताचे पाणी केले, त्याचे मोल कोणीतरी देते आहे, तर ते आपणच का कमी करायचे? तिन्ही युक्तिवाद खोटे नव्हते. तिन्ही मिळून मात्र एका खोट्याची राखण करत होते. अम्मी इतका वेळ ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘ऐब छुपाके बेचे तो वो पैसा पचता नै, बेटा.’’

अम्मींनी किताबे वाचलेली नाहीत. पण त्या जे बोलल्या ते आपल्या परंपरेचे सारच आहे. पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. व्यापारी म्हणतो, पाऊस पडला होता. त्यावर त्यांचा सवाल असा, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले? फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असेही त्यांनी सांगितले. इथे नीट पाहण्यासारखे असे की धान्य व्यापाऱ्याने भिजवले नव्हते, पावसाने भिजवले होते. त्याचा गुन्हा भिजण्याचा नव्हता, कोरडा थर वर ठेवण्याचा होता. आमच्या मागच्या भिंतीवरचा गिलावा अब्बांनी फसवण्यासाठी केला नव्हता. पण वही वाचल्यानंतर आम्ही गप्प राहिलो असतो, तर त्याच गिलाव्याचा कोरडा थर झाला असता.

इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करत. त्यांच्या भागीदाराने एकदा ऐब असलेले कापड ऐब न सांगता विकले. घेणारा सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी ती सगळी रक्कम सदका केली, असे सांगतात. फिक्हमध्ये ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. आपल्या देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 55 व्या कलमानुसार, घेणाऱ्याला साध्या दक्षतेने दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने स्वतः सांगायचा असतो. शरीअत आणि कायदा यांच्या नावाने आपल्याकडे पुष्कळ वाद होतात. या बाबतीत दोन्हींचे बोट एकाच भिंतीकडे होते.

तरीही भावाचा प्रश्न उरतोच. मेहनतीचे मोल मागणे हराम आहे का? मुळीच नाही. सूरह कहफमध्ये मूसा (अ.) आणि ज्यांना आपण खिज्र म्हणतो त्या सत्पुरुषाचा किस्सा आहे. त्यात एक होडी आहे आणि एक भिंत आहे. समुद्रावर पोट भरणाऱ्या गरिबांच्या होडीला ते सत्पुरुष भोक पाडतात. पुढे एका गावात कोणी जेवायलाही घालत नाही, आणि तिथली पडायला आलेली भिंत ते उभी करतात. मूसा म्हणतात, याची मजुरी तरी घ्यायची. मागाहून उलगडा होतो. पुढे एक राजा धडधाकट होड्या बळकावत होता; ऐब असल्यामुळे गरिबांची होडी वाचली. भिंतीखाली दोन यतीम मुलांचा ठेवा होता. ती मोठी होईपर्यंत भिंत टिकायला हवी होती.

हा किस्सा आम्ही अनेकदा ऐकला होता. त्या रात्री तो वेगळा कळला. आम्ही समजत होतो की ऐब सांगितला की नुकसानच होते. होडीला ऐब होता म्हणून ती चुकीच्या हाती गेली नाही. आमच्या भिंतीचा ऐब उघड झाला, तर तिच्यावर न पेलणारा बोजा पडणार नाही. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तूवर माया असते ती एवढ्यासाठीच, की ती कुठे कमकुवत आहे हे त्याला ठाऊक असते. ही माहिती दाबून ठेवायची आणि मायेचा तेवढा भाव घ्यायचा, हा सौदा अब्बांच्या कामाला शोभणारा नव्हता. मेहनतीचे पैसे मागता येतात, पण केलेल्या कामाचे. बाकी राहिलेल्या भिंतीचे कसे मागणार?

इसार घेण्याआधी आम्ही त्याला वही दाखवली. किल्लारीच्या खांबांचेही सांगितले. ज्या घरात माणसे गेली त्या घराचे लाकूड अशुभ, असे आम्ही मानत नाही. अपशकुनाला दीनमध्ये जागा नाही. पण तो याच मातीतला होता आणि घरात त्याची लेकरे झोपणार होती. त्याला काय वाटावे हे आम्ही कसे ठरवणार? तो वही बराच वेळ चाळत बसला. आठवड्याने निरोप आला : घर पाडून नवे बांधीन, भाव जागेचा आणि लाकडाचा. रक्कम पुष्कळच खाली आली. अम्मींच्या उपचारांसाठी थोडे कर्ज काढावे लागले. खरे बोलण्याचा मोबदला दुनियेत लगेच मिळतो, असे आम्ही म्हणणार नाही. हदीसमध्ये खऱ्या सौद्याला बरकतीचा वायदा आहे, नफ्याचा नाही.

दुःख झाले ते घर पडणार याचे. एकाच्या मनात आले की अट घालावी, निदान पुढची भिंत ठेव म्हणावे. पण विकणे म्हणजे सोडणे. पैसे घ्यायचे आणि मालकीही मनात ठेवायची, हीसुद्धा एक लबाडीच. आम्ही काही बोललो नाही.

घर पाडले त्या दिवशी आमच्यापैकी एक जण तिथे होता. मागची भिंत सकाळच्या न्याहारीच्या आत खाली आली. दोन थर फाकले आणि मधली माती भसकन बाहेर पडली. उरलेल्या तीन भिंतींना मजुरांनी दोन दिवस घेतले. घण मारला की दगड हलत, पण सुटत नसत. काँक्रीटचा एक बंध अख्खा निघाला, तो त्या तरुणाने आम्हाला देऊ केला. आम्ही घेतला नाही, विकले ते विकले. किल्लारीचे दोन्ही खांब त्याने मात्र ठेवून घेतले. नव्या घराच्या ओसरीला ते लावले आहेत, असे तो फोनवर सांगत होता.