उपजत काय आणि अंगवळणी पडलेले काय?



‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ‘शेवटी जातीवर गेला’ हेही ऐकलेले आहे, आणि ते कोणाला उद्देशून म्हटले जाते हे मी सांगायला नको. दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे : साप डसतो, मासा पोहतो, तसे माणसाचे वागणे त्याच्या रक्तातच असते. ही समजूत तपासायची तर आधी प्राण्यांकडेच नीट पाहिले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर, थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवाची मादी रात्री वर येते. वाळूत खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लांचे तोंड ती कधी पाहत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळू उकरून बाहेर येतात आणि सरळ समुद्राची वाट धरतात. ही वाट त्यांना कोणी दाखवली? कोणीच नाही. काळोखात समुद्राकडची बाजू जमिनीपेक्षा उजळ दिसते. त्या उजेडाकडे जायचे, एवढे ती जन्मतः घेऊन येतात. हीच उपजत प्रवृत्ती. पण तिचा आंधळेपणाही पाहा. किनाऱ्यामागे विजेचा दिवा जळत असला तर तीच पिल्ले दिव्याकडे चालू लागतात आणि वाट चुकून मरतात. आई जवळ नाही, पुढे चालणारे कोणी नाही. दिवा म्हणजे समुद्र नव्हे, हे त्यांना सांगणार कोण?

आता दुसरी बाजू. जपानमधील कोशिमा बेटावर अभ्यासक माकडांना रताळी घालीत. १९५३ साली एक लहान मादी रताळे पाण्यात धुऊन खाऊ लागली. तिचे पाहून तिच्या सोबतची पिल्ले धुऊ लागली, मग तिची आई. म्हातारे नर मात्र मातीसकटच खात राहिले. पुढे जन्मलेल्या पिल्लांनी आईच्या अंगाखांद्यावर असतानाच ती रीत उचलली. बेटावर नव्याने गेलेला पाहुणा हे पाहून खुशाल म्हणेल, की या माकडांच्या रक्तातच रताळी धुणे आहे!

हे मी शाळेचा धडा म्हणून सांगत नाही. माझी आजी चिपळूणच्या बाजारात मीठ-मिरची घ्यायला जाई, तेव्हा दुकानापासून दोन हात दूर उभी राही आणि पदर पसरी. सुटे पैसे वरून पदरात पडत. आमच्या घरी भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दुकानात जुन्या मालकाचा मुलगा बसू लागला होता. तो पैसे हातात द्यायला बघे, तरी आजीचा पदरच पुढे येई. मी सात-आठ वर्षांचा असताना तिने मला प्रथमच एकट्याला पाठवले. मी दूर उभा राहिलो आणि सदऱ्याचे टोक पसरले. असे कर म्हणून मला कोणीही सांगितले नव्हते.

त्या वेळी कोणी मला पाहिले असते, तर ‘जातीचे वळण’ म्हणाला असता. पण मी कासवाचे पिल्लू नव्हतो. कोशिमाचे पिल्लू होतो.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात हाच प्रश्न आहे. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, हा वाद घेऊन दोन ब्राह्मण तरुण भगवान बुद्धांकडे येतात. तथागत उत्तराची सुरुवात गवत आणि झाडांपासून करतात. मग किडा-मुंगी, चार पायांची जनावरे, साप, मासे, पक्षी. यांच्यात जन्माने आलेल्या वेगवेगळ्या खुणा आहेत. माणसामाणसांत तशा खुणा नाहीत. ना केसांत, ना डोळ्यांत, ना हातापायांत. शेतकरी शेतीने होतो, चोर चोरीने होतो.

मग पुसता येण्यासारखी ही सवय टिकते कशी? याचेही उत्तर प्राण्यांवरील प्रयोगांत सापडते. पिंजऱ्यात खूण होताच विजेचा धक्का बसतो, हे एकदा कळले की कुत्रे खूण होताच पलीकडे उडी मारते. पुढे धक्का कायमचा बंद केला तरी ते उड्या मारतच राहते. थांबून पाहतच नाही, मग धक्का बंद झाला हे त्याला कळावे कसे? आजीच्या आधीच्या पिढ्यांनी खोताची आणि गावकीची काठी खाल्ली होती. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेब बोलले ते याच खोतीविरुद्ध. पुढे खोती कायद्याने गेली. दोन हातांचे अंतर राहिले.

वेळासचीच गोष्ट घ्या. तेथे लोक कासवाची अंडी उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावात काम सुरू केले आणि त्याच गावचे लोक घरट्यांची राखण करू लागले. कासव होते तसेच राहिले. बदलली ती माणसे.

घरात कोणी म्हातारी अजून जुन्या देवळापाशी पाय आवरता घेत नसेल, तर तरुण मंडळी तिला हसतात, कधी रागावतात. आम्हीही आजीला हसत असू. त्याने काय झाले? ती आम्हाला सोबत नेईनाशी झाली, एवढेच. माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. ती काही बोलली नाही. आजीबरोबर गेली, फळीला टेकून उभी राहिली, आणि आजीचा हात धरून फळीवर ठेवला. दुकानदाराने पैसे हातात दिले. पुढच्या खेपेला पुन्हा पदरच. बहीण पुन्हा गेली. पाच-सहा बाजार असे झाले. मग एका बुधवारी आजी एकटीच गेली आणि पैसे मुठीत घेऊन घरी आली.