भोगवटादार

एकतीस वर्षं मी जमिनी मोजल्या. पॅरिसला मुलीकडे गेलो, तेव्हा व्हो-ल-व्हिकाँतची बागही मोजणीदाराच्या नजरेनंच पाहिली. आणि फसलो. हवेलीच्या पायऱ्यांवरून पाहिलं तर समोरच्या हौदाला लागूनच दगडी गुहा दिसतात. चालू लागलो तशा त्या मागे सरकू लागल्या, आणि मध्येच पायाशी सुमारे किलोमीटरभर लांबीचा आडवा कालवा उघडला. बागेची आखणी करणाऱ्या आंद्रे ल नोत्रनं उतार असा काही साधलाय, की घरात बसलेल्या धन्याला तो कालवा दिसतच नाही. चालत येईल त्याला दिसतो.

धनी होता निकोला फुके, चौदाव्या लुईचा अर्थमंत्री. जमीन 1641 मध्ये घेतलेली. 17 ऑगस्ट 1661 ला त्यानं राजाला इथं मेजवानी दिली. मोलिएरचं नवं नाटक झालं, दारूकाम झालं. 5 सप्टेंबरला फुकेला अटक झाली. राजाच्या मनात ते आधीच ठरलेलं होतं. 1680 मध्ये फुके पिन्येरोलच्या किल्ल्यात कैदेतच वारला. इथली संत्र्याची झाडं राजानं नेली, वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रँ आणि ल नोत्र यांनाही व्हर्सायच्या कामाला लावलं. दिवाणखान्याच्या घुमटावर ल ब्रँ जे चित्र काढणार होता, ते राहूनच गेलं. त्या घुमटाखाली मी बराच वेळ उभा होतो.

माझे वडील रोज ईशावास्य म्हणत. त्यातला धन कोणाचं हा प्रश्न मला लहानपणी बैराग्यांचा वाटायचा. ज्याच्याकडे काही नाही, त्यानं विचारायचा. व्हो-ल-व्हिकाँतला तो हिशेबाचा वाटला. वीस वर्षं खर्चून हे सगळं उभं करणाऱ्या माणसाच्या वाट्याला यातलं नेमकं काय आलं? त्याच्या बागेत मी दुपारभर हिंडलो. माझ्या नावावर तिथली ढेकळाएवढी माती नव्हती, आणि तरी काही कमी पडलं नाही. भोग आणि मालकी मला तोवर एकच वाटत होती.

पण माझं समाधानही निर्दोष नव्हतं. या सरळ रेषांसाठी इथल्या वस्त्या उठवल्या होत्या. ती माणसं कुठे गेली असतील? आपल्याकडे सातबाऱ्यावर निदान ‘इतर अधिकार’ असा रकाना तरी असतो. त्यांचं नाव त्या बागेत मला कुठेच दिसलं नाही.

त्याच सातबाऱ्यावर ‘मालक’ असा रकाना मात्र नाही. तिथं ‘भोगवटादार’ छापलेलं असतं. एकतीस वर्षं मी तो शब्द वापरला. तुमचा उतारा घरात असेलच, एकदा काढून वाचा.