झाकणे आणि राखणे

नको ती कामे हौसेने अंगावर घेण्याची माझी खोड जुनी आहे. घरातली मंडळी तिला स्वावलंबन म्हणत नाहीत. त्यांचा शब्द वेगळा आहे, आणि तो दिवाळी अंकात छापण्यासारखा नाही. गेल्या वैशाखात ह्याच खोडीपायी मी आमच्या जुन्या जीपच्या तळाला आतून लेप द्यायला बसलो. काम दोन दिवसांचे होते. पण त्यातून जो प्रश्न निघाला तो पावसाळा संपला तरी माझ्या मनातून गेलेला नाही.

जीप ही मुळातच उघड्या अंगाची गाडी. दुसऱ्या महायुद्धासाठी ती अमेरिकेत जन्मली आणि १९४७ पासून महिंद्र कंपनीने ती मुंबईत जोडायला घेतली. चिखल, ओढे, दगड-धोंडे हेच तिचे माहेर. आमची जीप मात्र कोकणातली; तिच्या वाट्याला ह्या सगळ्याच्या जोडीला समुद्राचा खारा वाराही आला. अशा गाडीत लोक हौसेने रबरी चटया घालतात, आणि चटईखाली साचलेले पाणी पत्र्याला निवांतपणे खात राहते. त्यावर उपाय म्हणून हल्ली लायनर नावाचा लेप मिळतो. अमेरिकेत पिकअप गाड्यांच्या मालाच्या हौद्याला तो देत असत. पुढे रानावनांत गाड्या घालणाऱ्या हौशी लोकांनी तो गाडीच्या आत आणला. पॉलियुरेथेनचे दाट द्रव्य, त्यात रबराचे बारीक दाणे; भिंतीला रंग देतात तसा रोलर फिरवायचा, दोन हात द्यायचे. हवेतला ओलावा शोषून तो लेप घट्ट होतो. मग चिखलाने भरलेली गाडी नळीच्या पाण्याने खुशाल आतून धुवावी.

असा एक डबा माझ्या पुतण्याने आणून दिला. मी सूचना वाचायला घेतल्या आणि जरा खट्टू झालो. मला वाटले होते, डबा उघडावा आणि काम सुरू करावे. पण सूचनांचा मोठा भाग डबा उघडण्यापूर्वीच्या कामांविषयीच होता. खुर्च्या काढा, चटया काढा. गंज असेल तो तारेच्या ब्रशाने खरवडून पार उजळ लोखंडापर्यंत जा. चांगला रंग असेल तोही घासून खरखरीत करा. तेलाचा, मेणाचा अंश राहू नये म्हणून पुसून घ्या. पाणी निघून जाण्याची भोके आणि बोल्टांची भोके चिकटपट्टीने झाका, नाहीतर तीही लेपाखाली बुजतील. वाफा छातीत जाऊ नयेत म्हणून दारे उघडी ठेवा, तोंडाला मुखवटा बांधा. रोलर फिरवण्याचे काम तासाभराचे. त्याच्या आधीची तयारी मात्र दीड दिवसाची.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. जीप मी विकली होती. शेजारच्या गावातल्या एका होतकरू तरुणाशी सौदा ठरला होता आणि विसाराचे पैसेही मी घेतले होते. गाडी देण्यापूर्वी तळ नीट करून देतो, असे मीच आपणहून म्हटले होते. तेव्हा माझ्या मनात खरोखरच काही काळेबेरे नव्हते.

चालकाच्या बाजूची चटई उचलली आणि खुर्चीचा मागचा बोल्ट बसतो त्या जागी पत्रा फुगलेला दिसला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरच्या रंगाला उचलून धरतो. आणि तो सच्छिद्र असल्यामुळे खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही, उलट ओल धरून ठेवतो. मी ब्रश फिरवला तसे पापुद्रे निघू लागले. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिले, तर टोक आरपार गेले आणि खालची जमीन दिसली.

पुतण्या शेजारीच उभा होता. तो सहज म्हणाला, “काका, लेप दिल्यावर कोण बघणार आहे?”

मी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. भोकावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा बसवला, बोटाने दाबला आणि त्यावरून रोलर फिरवला. पुतण्याला मी दोष देत नाही. त्याने प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्या हाताने दिले.

संध्याकाळी तो तरुण गाडी पाहायला आला. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी होती. लेप वरून सुकला होता. काळा, दाणेदार, एकसारखा. त्याने बोटांच्या पेरांनी तळावर टकटक केले, खूश झाला आणि पोरीला उचलून आत उभे केले. “तळ झकास झाला हो काका, नवा वाटतो.” पोर दोन्ही पायांनी उड्या मारू लागली. ती उभी होती शेजारच्या बाजूला, जिथला पत्रा चांगला होता. तरी माझ्या पोटात कालवले. “उतरव तिला, लेप अजून ओला आहे,” असे मी म्हणालो. त्या दिवसातले माझे ते दुसरे खोटे.

रात्री मी माझी बाजू मांडू लागलो. माणूस स्वतःचा वकील झाला की त्याला मुद्द्यांची ददात पडत नाही. गाडी जुनी आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. कायद्याचाही थोडा आधार मला सापडला. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात सतराव्या कलमाखाली म्हटले आहे की नुसते गप्प राहणे ही, बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे, फसवणूक नव्हे. हे आठवून मला बरे वाटले. पण त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे : माहीत असलेली गोष्ट कृतीने दडवणे ही फसवणूकच. मी जर चटई होती तशीच राहू दिली असती, तर मी गप्प बसलो असे म्हणता आले असते. पण माझ्या हातात रोलर होता. रोलर गप्प बसत नाही.

हा वाद काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस घर विकायला काढतो. घराची लाकडे कुजकी आहेत, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाखेरीज कुणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावे की न सांगावे? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, घेणाऱ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. स्वतःच्या मालाची निंदा स्वतःच करीत सुटणारा विक्रेता कुणी पाहिला आहे? अँटिपेटर म्हणतो, न सांगणे म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखे आहे. किंबहुना त्याहूनही वाईट, कारण येथे तुम्ही जाणूनबुजून दुसऱ्याला चुकू देता. सिसेरोने आपला कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. त्या रात्री डायोजेनीसचे म्हणणे मला फारच समंजस वाटत होते, ह्यावरूनच मी कुठे उभा होतो ते वाचकांच्या ध्यानात येईल.

पण माझी झोप सिसेरोने उडवली नाही. ती एका कल्हईवाल्याने उडवली.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आमच्या आळीत कल्हईवाला येई. जमिनीत खड्डा करून तो भाता लावी. आम्हां मुलांना त्या लखलखाटाचे वेड. काळपट पातेले निखाऱ्यावर तापे, नवसागराची चिमूट पडे, पांढरा धूर उसळे आणि कथलाचा कण चिंधीने फिरवताच पातेल्याच्या पोटात चांदणे पसरे. पण तो चमत्कार शेवटच्या मिनिटाचा. त्याआधी कितीतरी वेळ तो पातेले घाशीतच बसलेला असे. घाई करणाऱ्या बायकांना तो सांगे, “बाई, मळक्या भांड्याला कल्हई धरत नाही.” आंबट आमटी कळकू नये, ती विषारी होऊ नये म्हणून तो लेप. धातूच मुळी असा प्रामाणिक की मळावर बसायला नकार देतो.

माझ्या डब्यातले द्रव्य तितके मानी नव्हते. ते गंजावरही बसले, चिकटपट्टीवरही बसले. पुढे वर्ष-दोन वर्षांनी ते फुगले असते, सुटले असते. पण तोवर गाडी माझी नसती. कल्हईच्या बाबतीत धातू आपल्याला खोटे बोलू देत नाही. येथे ते काम आपल्यालाच करायचे असते. सोयीची साधने जसजशी वाढतात तसतसा वस्तूंकडचा हा नकार कमी होत जातो आणि तो आपल्या पदरी येतो. आपल्या अंगी तेवढा नकार असतोच असे नाही.

मग झाकणे हे सगळे वाईटच का? असे म्हटले तर संसारच चालायचा नाही. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून फाटक्या गादीवर आपण धुतलेली चादर घालतो. ओढाताणीच्या वर्षीही लेकी-जावयांपुढे फराळाचे ताट भरून ठेवतो. कुणी आपले दुःख हसून झाकतो. ह्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. ही अब्रू आहे, आणि दुसऱ्याला अवघड वाटू नये म्हणून बाळगलेली माया आहे. मग त्या चादरीत आणि माझ्या लेपात फरक तो कोणता? पुष्कळ विचार केल्यावर मला एकच कसोटी सापडली. ज्यावर आपण पांघरूण घातले त्यावर दुसरा कुणी विश्वासाने आपला भार टाकणार आहे काय? फाटकी गादी झाकली तर पाहुणा पडत नाही. कुजकी पायरी झाकली तर पडतो. माझी जखम मी झाकावी; पण ज्या तळावर दुसऱ्याचे मूल उभे राहणार आहे तो तळ झाकण्याचा हक्क मला नाही.

ह्याच कसोटीने झाकणे आणि राखणे वेगळे होतात. बाहेरून पाहाल तर दोन्हींत तोच डबा, तोच रोलर, तोच काळा रंग. फरक लेपात नसतोच. तो लेपाखाली काय ठेवले आणि कुणाला सांगितले ह्यात असतो.

सकाळी मी त्या तरुणाला बोलावून घेतले आणि पट्टी उचकटून भोक दाखवले. माझ्या मनात कुठेतरी अशी आशा होती की तो माझ्या सचोटीने भारावून जाईल. कथा-कादंबऱ्यांत तसे होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “आणखी कुठे कुठे आहे?” मी म्हणालो, एवढेच. त्याचा विश्वास बसला नाही, आणि तो का बसावा? कालच्या संध्याकाळी मी त्याच्या देखत गप्प राहिलो होतो. शेवटी आम्ही दोघे जमिनीवर पोते अंथरून गाडीखाली शिरलो आणि तासभर इंच इंच टोचून पाहिले. मागच्या चाकाजवळ आणखी एक जागा सापडली. तिची मलाही दाद नव्हती. इतकी वर्षे गाडी वापरली, पण तिच्या पोटाखाली मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो.

वेल्डरने कुजका भाग कापून नवा पत्रा जोडला. खर्च माझा, शिवाय किमतीतही मला उतरावे लागले. घासणे-पुसणे पुन्हा पहिल्यापासून झाले. ह्या वेळी रोलर त्या तरुणाच्या हातात होता आणि मी नुसता टेप लावीत होतो. जोड कुठे आहे ते त्याने पाहून घेतले होते. त्यामुळे त्यावरून लेप फिरला तेव्हा झाकले असे काहीच गेले नाही. जाताना त्याने नमस्कार केला, पण आदल्या संध्याकाळचे ते मोकळे “झकास झाला हो काका” काही पुन्हा ऐकू आले नाही. सत्य उशिरा सांगितले की त्याची किंमत पुरी द्यावी लागते आणि माल मात्र अर्धाच मिळतो. तरी तो घ्यावा, असे माझे मत आहे.

परवा दिवाळीच्या रंगकामाला माणूस आला. माजघरातल्या कपाटामागे भिंतीला ओल आली आहे. “कपाट पुन्हा लावणारच आहात ना? मग मारतो वरून एक हात,” तो म्हणाला. ह्या घरात माझ्यामागे माझी मुले राहणार, त्यांची मुले त्या भिंतीशी निजणार. मी त्याला म्हणालो, “ब्रश राहू दे. आधी पाणी कुठून येते ते बघू.” तो हिरमुसला. दिवाळीआधी रंग पुरा होतो की नाही, ह्याची घरात आता सर्वांना काळजी आहे. मलाही आहे.